अपराध्याचा वकील आणि सत्याणुव्रत

श्रावकाने कोणते धंदे करू नयेत, याची यादी जैन आचारग्रंथांनी फार पूर्वी करून ठेवली आहे. अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य, विषवाणिज्य अशी ती पंधरा कर्मादाने. कोळसा पाडण्यापासून हस्तिदंताच्या व्यापारापर्यंत आणि विष विकण्यापासून तलाव कोरडे करण्यापर्यंत, ज्या धंद्यात जीवहिंसा मोठी त्या धंद्याला तेथे नकार आहे. त्या यादीत वकिली नाही. तरीही दुकान आणि पेढी सांभाळणाऱ्या घरातील नात कायद्याची पदवी घेऊन फौजदारी वकिली करीन म्हणते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. करसल्लागार हो, कंपन्यांचे करार कर, दिवाणी दावे चालव. पण खुन्याचे वकीलपत्र घेणार? त्याने गुन्हा केला हे मनोमन पटलेले असूनही त्याच्या बाजूने उभी राहणार? मग सत्याणुव्रताचे काय?

या शंकेला एक ठरलेले उत्तर दिले जाते. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. उत्तर खरे आहे; परंतु त्याने आजोबांचे समाधान होत नाही आणि त्यात त्यांचा दोषही नाही. त्यांचा प्रश्न न्यायव्यवस्थेविषयी नसून एका माणसाच्या वाणीविषयी आहे. व्यवस्थेला वकील हवा असेल. पण असत्य बोलून वकिलाने बांधलेले कर्म व्यवस्था वाटून घेत नाही, ते ज्याचे त्यालाच भोगावे लागते. म्हणून उत्तर द्यायचे तर ते व्रताच्या भाषेतच द्यायला हवे. अपराध्याची बाजू मांडताना वकील नेमके काय करतो, त्यातले असत्य कोणते आणि नुसते मौन कोणते, हे निवडून पाहावे लागते.

या प्रश्नाची कसोटी पाहणारा एक खटला १८४० साली लंडनमध्ये चालला. वकिलीच्या नीतीची चर्चा निघाली की आजही त्याचे नाव घेतले जाते. त्या वर्षी ६ मेच्या सकाळी लॉर्ड विल्यम रसेल हे ७२ वर्षांचे सरदार आपल्या घरी बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत आढळले. संशय त्यांच्या स्विस सेवकावर, फ्रान्स्वा बेंजामिन कूर्व्हाझिए याच्यावर आला. जून महिन्यात ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला आणि बचावाचे काम चार्ल्स फिलिप्स या नामांकित वकिलाकडे आले. आपला अशील निर्दोष आहे, असे फिलिप्स यांना तोवर वाटत होते. खटला चालू असतानाच एक नवी साक्षीदार पुढे आली. आरोपी पूर्वी ज्या हॉटेलात कामाला होता, त्याच्या मालकिणीकडे त्याने एक पुडके ठेवायला दिले होते आणि त्यात रसेल यांच्या घरून चोरीस गेलेली चांदी निघाली. आता सुटका नाही हे ओळखून कूर्व्हाझिएने वकिलाला जवळ बोलावले, खून आपणच केल्याचे सांगितले आणि तरीही माझा बचाव सोडू नका, अशी गळ घातली.

फिलिप्स हादरून गेले. वकीलपत्र तेथल्या तेथे सोडावे, असे त्यांना वाटले. परंतु ऐन खटल्यात वकील उठून गेला, तर ज्यूरीला वेगळे काही सांगावे लागत नाही. ते उठून जाणे हीच कबुली ठरते. सहकारी वकिलाने त्यांना थांबवले. मग त्यांनी त्या दिवशी न्यायासनावर बसलेल्या न्यायाधीशांपैकी एक, बॅरन पार्क, यांचा सल्ला विचारला. अशिलाचा आग्रह असेल तर बचाव करणे तुमच्यावर बंधनकारक आहे आणि पुराव्यातून निघणारे सर्व योग्य युक्तिवाद तुम्ही करावेत, असे पार्क यांनी सांगितले. फिलिप्स सुमारे तीन तास बोलले. ज्यूरीने आरोपीला दोषी ठरवले आणि ६ जुलै १८४० रोजी न्यूगेट तुरुंगाबाहेर त्याला फाशी देण्यात आली.

कबुलीची हकीकत बाहेर आल्यावर लोकांचा रोष वकिलावर वळला. तो वाद १८४९ साली पुन्हा उसळला आणि फिलिप्स यांना जाहीर खुलासा करावा लागला. त्यांच्यावर तीन मुख्य आक्षेप होते. खरे कळल्यानंतरही त्यांनी देवाची साक्ष काढून आरोपीच्या निर्दोषपणाची ग्वाही दिली, हा पहिला. घरातील मोलकरणीकडे संशयाचे बोट वळवले, हा दुसरा. आणि अशिलाने एकांतात सांगितलेली गोष्ट न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीला सांगितली, हा तिसरा. पहिले दोन आक्षेप फिलिप्स यांनी अखेरपर्यंत नाकारले. त्यांचे म्हणणे खरे की टीकाकारांचे, हा निवाडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात येते. या तिन्ही आक्षेपांची नावे श्रावकाला नवी नाहीत.

प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणणारी व्यक्ती दुसऱ्या अणुव्रताचे अतिचार प्रत्येक वेळी उच्चारते. विचार न करता दुसऱ्यावर दोष ठेवणे म्हणजे सहसाभ्याख्यान. एकांतातील गोष्ट चव्हाट्यावर आणणे म्हणजे रहोभ्याख्यान. खोटा सल्ला देणे म्हणजे मृषोपदेश आणि खोटा दस्त करणे म्हणजे कूटलेख. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील यादी थोडी वेगळी आहे. तेथे मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान आणि कूटलेखक्रिया यांच्या जोडीला न्यासापहार येतो, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे. पाठभेद बाजूला ठेवून दोन्ही याद्या शेजारी शेजारी वाचल्या, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. खोटे बोलणे आणि दुसऱ्याचे गुपित फोडणे या दोन्हींना शास्त्रकारांनी एकाच व्रताचे दोष मानले आहे. जे ठाऊक आहे ते सगळे सांगून टाकणे म्हणजे सत्य, अशी त्यांची व्याख्या नाही. सत्यव्रतीने असत्य बोलू नये, आणि विश्वासाने कानावर घातलेले बाहेरही नेऊ नये.

आलोचनेच्या परंपरेतही हेच तत्त्व आहे. साधक आपले दोष ज्या आचार्यापुढे उघड करतो, त्या आचार्याच्या अंगी असावयाच्या गुणांत ‘अपरिस्रावी’ हा एक गुण सांगितला आहे. ज्यातून थेंबही झिरपत नाही अशा पात्रासारखा तो असावा. झिरपणाऱ्या पात्रापुढे कोणी मन मोकळे करीत नाही आणि मन मोकळे झाल्यावाचून प्रायश्चित्त घडत नाही. वकील हा आचार्य नव्हे आणि त्याची कचेरी म्हणजे उपाश्रय नव्हे. पण भेदरलेल्या माणसाने कोणाजवळ तरी खरे बोलावे यासाठी ऐकणारा न झिरपणारा असावा लागतो, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

भारतीय कायद्याने ही रेषा ज्या उदाहरणांनी आखली आहे, ती व्यापाऱ्याला चटकन समजावीत अशी आहेत. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमात ती होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमात ती आली आहेत. मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा, असे अशील वकिलाला म्हणाला, तर ते बोलणे गुप्त राहील. मात्र या बनावट दस्ताच्या जोरावर मला मालमत्ता मिळवून द्या, असे तो म्हणाला, तर त्या बोलण्याला कोणतेही संरक्षण नाही. तिसरे उदाहरण तर थेट वहीचेच आहे. अफरातफरीच्या आरोपीचे वकीलपत्र घेतल्यानंतर काम चालू असताना वकिलाला वहीत एक नोंद दिसते, आणि ती नोंद सुरुवातीला तेथे नव्हती. हे गुपित कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहे. घडून गेलेल्या पापाची कबुली ही ठेव. पुढे करावयाच्या पापासाठी मागितलेली मदत ही भागीदारी. ठेव सांभाळायची असते, भागीदारी नाकारायची असते.

वकिलांच्या वर्तनाचे भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियमही याच दिशेने जातात. आरोपी दोषी आहे की नाही याविषयी स्वतःचे मत काहीही असले, तरी वकिलाने त्याचा बचाव करावा, असे ते सांगतात. कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही दोषी ठरवता येत नाही, या कायद्याच्या तत्त्वाशी त्याची निष्ठा असते. बचावासाठी वापरायचे मार्ग मात्र रास्त आणि सन्माननीय असले पाहिजेत, ही अटही त्याच नियमात आहे. हे पुराव्याचे तत्त्व पेढीवर बसणाऱ्याला परके नाही. कर्जदार लबाड आहे अशी बँकेच्या व्यवस्थापकाची खात्री असते. पण सहीचा कागद, हमीपत्र आणि खात्याचा उतारा नसेल, तर नुसत्या खात्रीवर न्यायालय वसुलीचा हुकूम देत नाही. त्या कर्जदाराचा वकील कागद दाखवा म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. जो दावा मांडतो त्याने तो सिद्ध करावा, एवढेच तो मागत असतो. पैशाच्या बाबतीत जो नियम रास्त वाटतो, तो माणसाच्या स्वातंत्र्याच्या आणि प्राणाच्या बाबतीत अधिकच रास्त ठरतो.

शिवाय खात्री ही एकट्याची दृष्टी असते. अनेकांतवाद शिकवतो तो हाच संयम, की एका नयाला पूर्ण वस्तू समजू नये. याचा अर्थ सगळेच खरे आणि सगळेच खोटे असा नव्हे. स्याद्वाद म्हणजे संशयवाद नव्हे. खून एकतर या हाताने झाला किंवा झाला नाही. परंतु कोणत्या हाताने झाला हे ठरवणारा माणूस सर्वज्ञ नसतो. पोलिसांचा नय, साक्षीदाराचा नय, आरोपीचा नय समोर आल्यावाचून त्याने निर्णय करू नये. आरोपीचा नय मांडणारा कोणी उरलाच नाही, तर न्यायालयात एकांतवादच नांदेल.

मुंबईने हे अगदी जवळून पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. जिवंत पकडलेल्या एकमेव हल्लेखोराचे, अजमल कसाबचे, छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले होते. त्याचे वकीलपत्र घेऊ नये, असा ठराव वकिलांच्या एका संघटनेने केला. न्यायालयाने नेमलेल्या महिला वकिलांच्या घरासमोर निदर्शने झाली. शहराची जखम ओली होती. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. तरीही विशेष न्यायालयाने वकील दिल्याशिवाय खटला चालवला नाही. ३ मे २०१० रोजी निकाल लागला आणि कसाब दोषी ठरला. परंतु त्याच निकालात त्याच्यासोबत आरोपी असलेल्या दोन भारतीयांची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली, आणि पुढे उच्च न्यायालयाने व सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. बचावाला कोणी उभेच राहिले नसते, तर त्या संतापाच्या भरात ते दोघेही फाशीच्या तख्ताकडे ढकलले गेले असते. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. तोवर त्याच्याविरुद्धचा पुरावा तीन न्यायालयांत तपासून झाला होता, म्हणूनच त्या शिक्षेकडे सूड म्हणून बोट दाखवता येत नाही. त्या दरम्यान, २०१० साली, तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अमुक आरोपीचे काम घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव राज्यघटनेच्या आणि व्यवसायनीतीच्या विरुद्ध आहेत.

याचा अर्थ वकिलाला रान मोकळे आहे असा नाही. साक्षीला उभा राहणाराही जीवच आहे आणि शब्दानेही हिंसा होते. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रीचे चारित्र्य वाईट असल्याचे दाखवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरवण्याची मुभा आपल्या देशातील कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपर्यंत होती. कित्येक वकिलांनी ती वापरली आणि तसे करताना कोणताही नियम मोडला नाही. कायद्याने दिलेली मुभा आणि व्रताने घातलेली मर्यादा यांतले अंतर येथे दिसते. आरोपी दोषी आहे हे जाणणाऱ्या वकिलाने साक्षीदाराच्या स्मरणातील त्रुटी दाखवाव्यात, पंचनाम्यातील विसंगती मांडाव्यात. खरे बोलणाऱ्या स्त्रीला भर न्यायालयात खोटी ठरवणे हे मात्र अभ्याख्यानच होय, आणि अठरा पापस्थानकांत त्याचा क्रमांक तेरावा आहे. असत्याला कपटाची जोड मिळाली की मायामृषावाद होतो, तो सतरावा.

मौनालाही एक सीमा आहे आणि ती फार दुःखद रीतीने पुढे आली. १९८२ साली अमेरिकेतील शिकागोत एका सुरक्षारक्षकाच्या खुनासाठी आल्टन लोगन याला अटक झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये दुसऱ्या एका आरोपीने आपल्या दोन सरकारी बचाव वकिलांना सांगितले, की तो खून लोगनने नव्हे तर मी केला. वकिलांचे ओठ व्यवसायाच्या नियमांनी बांधलेले होते. त्यांनी ही हकीकत प्रतिज्ञापत्रावर लिहून ते पेटीत बंद करून ठेवले. अशिलाने आपल्या मृत्यूनंतर ती उघड करण्याची परवानगी दिली होती. लोगनला जन्मठेप झाली. अशील २००७ च्या अखेरीस मरण पावला, पेटी उघडली गेली आणि २००८ साली लोगन बाहेर आला. त्याची २६ वर्षे तुरुंगात गेली होती. त्या वकिलांनी ठेव सांभाळली, यात शंका नाही. परंतु ती सांभाळण्यासाठी लागलेले मोल दुसऱ्याच्या आयुष्यातून चुकवले गेले. एका निरपराध जीवाच्या बंधनावर जे मौन उभे आहे, ते अहिंसेच्या कसोटीला उतरत नाही, आणि अहिंसा हे पहिले व्रत आहे. सत्य त्याच्यामागून येते. दुसऱ्याला चुकीने झालेला कारावास टाळण्यासाठी वकिलाला बोलण्याची मुभा मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या नियमांत दिली आहे. ती सर्वत्र असावी, असे जैन दृष्टीने म्हणता येईल.

आता पुन्हा त्या कबुलीकडे वळायला हवे, कारण तिचा सर्वांत चांगला उपयोग ‘सोडवणे की बुडवणे’ या दोन वाटांच्या पलीकडे आहे. महात्मा गांधींनी आत्मकथेत पारशी रुस्तुमजी यांची हकीकत सांगितली आहे. रुस्तुमजी हे दक्षिण आफ्रिकेतील मोठे व्यापारी, गांधींचे अशील आणि स्नेही. मुंबई-कलकत्त्याहून माल मागवताना ते अधूनमधून जकात चुकवीत. जकात अधिकाऱ्यांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता, की त्यांच्या बिलांवर कोणी शंका घेत नसे. चोरी पकडली गेली तेव्हा ते गांधींकडे आले आणि सारे काही सांगितले. गांधींनी त्यांना खोटा बचाव रचून दिला नाही आणि दारातून परतही पाठवले नाही. सरकारपुढे जाऊन सगळे कबूल करा, दंड भरा आणि प्रसंगी तुरुंगाचीही तयारी ठेवा. लाज तुरुंगात जाण्याची नसून चोरी करण्याची आहे, असे त्यांनी समजावले. मग स्वतः अधिकाऱ्यांना भेटून रदबदली केली. चुकवलेल्या म्हणून कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट दंडावर प्रकरण मिटले. रुस्तुमजींनी ती सगळी हकीकत लिहून, चौकटीत बसवून आपल्या कचेरीत लावली, वारसांना आणि इतर व्यापाऱ्यांना कायमची आठवण राहावी म्हणून. असा सल्ला देणाऱ्या वकिलाच्या आध्यात्मिक जडणघडणीत मुंबईतील एका जैन जवाहिऱ्याचा, श्रीमद् राजचंद्रांचा, मोठा वाटा होता, ही गोष्ट येथे आठवावीशी वाटते.

प्रत्येक खटल्यात असे घडत नाही. कित्येक अशील कबुलीला तयार नसतात आणि त्यांच्यावर कबुली लादण्याचा अधिकार वकिलाला नाही. तरीही रुस्तुमजींना ती वाट दिसली, याचे कारण त्यांना खरे सांगण्याजोगा माणूस भेटला हे होते. वकिलाने लोकनिंदेला भिऊन अपराध्याला दारच बंद केले, तर ही वाटही बंद होते.

तेव्हा फौजदारी वकिलीकडे निघालेल्या नातीला आजोबांनी अडवण्याचे कारण नाही. तिने अपराध्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे, ऐकलेले जपावे, सरकारी पक्षाला पुरावा मागावा आणि आरोपीला जेवढी शिक्षा न्याय्य तेवढीच व्हावी यासाठी झटावे. खोटा साक्षीदार उभा करू नये, खोटा कागद पुढे करू नये, निर्दोष माणसावर बोट रोखू नये. एवढे सांभाळले, तर तिच्या व्रताला अतिचार लागत नाही.

या व्रताची दुसरी बाजू मात्र अशिलाच्या हातात असते. माल न येता आलेले बिल, मागील तारखेचा करार, तपासणीच्या आदल्या रात्री वहीत चढवलेली नोंद, हे सारे कूटलेखच होय. असे कागद घेऊन व्यापारी वकिलाच्या पायऱ्या चढतो आणि एवढे जमवून द्या म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या व्रताबरोबर वकिलाच्या व्रतालाही खड्ड्यात ओढतो. खुन्याचा वकील होणाऱ्या नातीच्या सत्याची काळजी ज्या घराला वाटते, त्या घराने आपल्या करसल्लागारासमोर कोणती वही ठेवली जाते, हेही एकदा उघडून पाहावे.